डाव्या पायाखालचं पाणी: गाडीच्या गळतीच्या नोंदी

गाडी 2013 ची पेट्रोल हॅचबॅक, 94 हजार किलोमीटर झालेली. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतली होती, आता मी चालवतो. आम्ही कर्वेनगरला राहतो. सोसायटीत झाकलेलं पार्किंग नाही, त्यामुळे गाडी बारा महिने गुलमोहराखाली उभी असते. 2025 मध्ये पुण्यात पाऊस मे महिन्यातच सुरू झाला आणि तेव्हापासून हे प्रकरण मागे लागलं. कुणाच्या गाडीत असंच पाणी येत असेल तर माझे वाया गेलेले शनिवार-रविवार तरी वाचावेत, म्हणून लिहून ठेवतोय.

30 मे, शुक्रवार

आईला दम्याच्या तपासणीला घेऊन निघालो. गाडीत बसल्याबरोबर तिला खोकला लागला. "पोत्यासारखा वास येतोय रे," म्हणाली. पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उचलली तर खालून ओली. तिनं ती मांडीवर घेतली आणि परत येईपर्यंत खाली ठेवली नाही. समोरच्या काचेवर आतून वाफ धरत होती. ती गेले आठ-दहा दिवस धरत होती, पण मी पावसाळी हवा म्हणून सोडून दिलं होतं.

घरी येऊन बघितलं. वरचं रबरी मॅट पुसल्यावर कोरडं. त्याखाली गाडी घेतानाच बसवून घेतलेलं रेक्झिनचं मॅटिंग, तेही वरून कोरडं. टाचेनं दाबलं तर आतून पचकन आवाज आला. दाराच्या उंबऱ्याची पट्टी उचकटून मॅटिंगच्या खाली हात घातला, तर मूळ कार्पेट आणि त्याखालचा नमदा (फेल्टचा जाड थर) स्पंजासारखा भिजलेला. फक्त पुढची डावी बाजू. मागे आणि उजवीकडे काही नाही. रेक्झिन वरून पाणी आत जाऊ देत नाही, तसंच खालचं वर येऊही देत नाही. किती दिवसांचं साठलं होतं कोण जाणे.

31 मे, शनिवार

आधी पाऊस सोडून दुसरी कारणं तपासली. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली की ते पाणी डाव्या पायाशीच उतरतं. गाडी जागेवर चालू ठेवून वीस मिनिटं एसी लावला. खाली जमिनीवर थेंब थेंब करत चांगलं ताटाएवढं थारोळं झालं, म्हणजे नळी मोकळी आहे. मग कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव. हीटरच्या कॉइलमधून कूलंट गळत असेल तर ओल चिकट लागते, गोडसर वास येतो, काचेवर तेलकट थर बसतो. यातलं काही नव्हतं आणि बाटलीतली पातळी खुणेवर होती.

म्हणजे पावसाचंच पाणी. या दोन तपासण्यांना पाऊण तास लागला आणि खर्च शून्य.

1 जून, रविवार

इथे चुकलो. एका गॅरेजमध्ये नेली. त्यांनी तपासणीचे 500 रुपये घेतले, बसल्या जागी काचेकडे बोट केलं आणि "काच बदललेली दिसतेय, तिथूनच येणार" म्हणाले. दोन वर्षांपूर्वी हायवेवर दगड लागून पुढची काच बदलली होती, त्यामुळे मलाही ते पटलं. हार्डवेअरच्या दुकानातून 220 रुपयांची सिलिकॉनची ट्यूब आणली आणि काचेच्या तिन्ही बाजूंनी भरून टाकली. तीन तास गेले. हाताला दोन दिवस व्हिनेगरचा वास.

तो वास येणारं सिलिकॉन गाडीला लावायचं नसतं, हे नंतर कळलं. सुकताना ते आम्ल सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरतो. शिवाय त्याचा अंश काचेच्या कडेला राहिला तर पुढे कधी काच पुन्हा बसवायची वेळ आली की तिचा खरा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट तिथे धरत नाही. आणि मुख्य म्हणजे, काचेतून पाणी येताना मी बघितलंच नव्हतं.

5 जून, गुरुवार

रात्रभर पाऊस. सकाळी डावी बाजू पुन्हा थबथबलेली. दुसऱ्या एका वर्कशॉपला फोन केला. डॅशबोर्ड उतरवून बघावं लागेल, 14 हजारांपर्यंत जाईल, असं सांगितलं. नको म्हटलं.

7 जून, शनिवार

डावी सीट आणि कार्पेट काढायचं ठरवलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून दहा मिनिटं थांबलो. सीटखाली पिवळा कनेक्टर असेल तर तो एअरबॅगचा किंवा सीटबेल्टचा असतो. तो सुटलेला असताना चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून बसतो आणि मग तो घालवायला स्कॅनर लागतो. सीटचे चार बोल्ट 14 नंबरचे. मागचा आतला गंजून बसला होता. त्यावर गंज सोडवायचा स्प्रे मारून तासभर तसाच ठेवला, मग लांब पान्यानं सुटला.

नमदा बाहेर काढून बाथरूममध्ये पिळला. घरच्या मापानं मोजलं तर साडेतीन लिटर पाणी निघालं, चहाच्या रंगाचं. कार्पेटला खालून पांढरी बुरशी. आई याच जागेवर बसून श्वासाच्या तपासणीला जात होती, हे बघून फार वाईट वाटलं. त्याच दिवशी ठरवलं की गळती सापडेपर्यंत आईला या गाडीत बसवायचं नाही, रिक्षानं न्यायचं.

पत्र्यावर दोन ठिकाणी गंजाचे ठिपके, भोक नाही. डाव्या कोपऱ्यातल्या वायरिंगच्या एका कनेक्टरवर हिरवी पूड धरायला लागली होती. तो सोडवून कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, जुन्या टूथब्रशनं घासला. आणखी एक पावसाळा गेला असता तर इथे वायरिंगचा मोठा खर्च निघाला असता.

पुढचे सगळे दिवस गाडी तशीच उघड्या पत्र्यावर चालवली. खडखडाट होतो, पण पाणी आलं तर ते दिसतं तरी.

8 जून, रविवार

पाण्याची चाचणी. सोसायटीत पाइप लावून गाडी धुवायला बंदी आहे. सेक्रेटरी काकांना गाडीपाशी आणून उघडा पत्रा दाखवला, तेव्हा त्यांनी बोअरच्या नळाला पाइप लावायला एक तास दिला.

पाइपला नोझल लावायचा नाही, पाणी नुसतं ओघळू द्यायचं. जोराचा फवारा मारला की जिथून एरवी येत नाही तिथूनही पाणी आत जातं आणि आपण फसतो. सुरुवात खालून करायची आणि एका जागेला निदान दहा मिनिटं द्यायची. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून खाली उतरतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. माझी अकरा वर्षांची मुलगी टॉर्च घेऊन आत बसली. पत्र्यावर, उंबऱ्यावर आणि कोपऱ्यात टाल्कम पावडर भुरभुरून ठेवली होती. पावडरीवर एक थेंब उतरला तरी रेघ उठते.

चाकाच्या कमानीत दहा मिनिटं: काही नाही. डाव्या दाराच्या खालच्या भागावर: काही नाही. मग त्याच दाराच्या काचेच्या खालच्या रबरावर पाइप धरला. सहाव्या मिनिटाला आतून हाक आली, "बाबा, थांब! दारातून रेघ आली."

डोअर पॅडच्या, म्हणजे दाराच्या आतल्या झाकणाच्या, खालच्या कडेतून पाणी उंबऱ्यावर आणि तिथून आत. पॅड काढला. काच जिथे वर-खाली होते तिथे पाणी दाराच्या पोटात जातंच. ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं, त्यात बिघाड काही नाही. ते गाडीत येऊ नये म्हणून दाराचा पत्रा आणि पॅड यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा कागद ब्युटाइल नावाच्या काळ्या चिकट रबरानं बसवलेला असतो. दीड वर्षापूर्वी पॉवर विंडोची मोटर दुरुस्त करताना तो कुणीतरी फाडून काढला होता आणि खाकी पॅकिंगच्या पट्टीनं परत चिकटवला होता. पट्टी सुटून कागद लोंबत होता. दाराच्या खालच्या तीन भोकांपैकी दोन चिखलानं बंद. तार घातली तर वाटीभर गढूळ पाणी पडलं.

एवढ्यात तास संपला. वरचा भाग तपासायचा राहिला, आणि मला वाटलं की गळती सापडली.

14 आणि 15 जून

नाना पेठेतून ब्युटाइल टेपचं बंडल आणलं, 350 रुपये. जुना कागद जमिनीवर पसरून त्याच्या मापानं जाड पॉलिथिन कापलं, 60 रुपये. डोअर पॅडच्या बारा क्लिपा, 10 रुपयांना एक. उतरवताना निम्म्या तुटतातच, म्हणून सगळ्याच नव्या घेतल्या.

शनिवारी कागद लावला आणि झारीनं पाणी ओतून बघितलं. पुन्हा रेघ. रात्री विचार करत बसलो तेव्हा लक्षात आलं की मी खालची कड पत्र्याच्या बाहेरून चिकटवली होती. कागदावरून ओघळणारं पाणी टेपवर साचत होतं आणि तिथून बाहेर येत होतं. कंपनीच्या कागदाची खालची कड दारातल्या खाचेतून आत खोचलेली असते, म्हणजे पाणी परत दाराच्या पोटात पडतं. जुन्या कागदावर ती घडी स्पष्ट दिसत होती. कापताना मी ती सपाट करून टाकली. रविवारी सगळं उखडून, पत्रा स्पिरिटनं पुसून, कोरडा करून पुन्हा लावला. ब्युटाइल ओल्या किंवा तेलकट पत्र्यावर धरत नाही. ते हेअर ड्रायरनं थोडं गरम करून बोटानं दाबत गेलो. तीन झाऱ्या ओतल्या, उंबरा कोरडा.

19 जून, गुरुवार

रात्री जोराचा पाऊस, सकाळी पत्र्यावर पुन्हा पाणी. या वेळी पेलाभरच, आणि दाराकडून नव्हे. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या, अंगानं वरून उतरलेलं. उंबऱ्यावरची पावडर जशीच्या तशी होती, म्हणजे दाराचं काम पक्कं झालंय. गळत्या दोन आहेत हे मान्य करायला मला तीन आठवडे लागले.

एक गोष्ट लिहून ठेवली होती ती कामाला आली: बुधवारी संध्याकाळी भर पावसात ऑफिसातून आलो तेव्हा आत थेंब नव्हता. उभ्या गाडीत येतं, चालत्या गाडीत येत नाही. चालत्या गाडीत समोरच्या काचेवरचं पाणी वाऱ्यानं वर आणि बाजूला पळतं. उभ्या गाडीत ते सगळं वायपरखालच्या जाळीत उतरतं.

21 जून, शनिवार

नाना पेठेत वायपरखालच्या जाळीच्या क्लिपा आणायला जायचं होतं, पण तुकोबांची पालखी तिथल्याच निवडुंग्या विठोबाच्या देवळात आणि माउलींची भवानी पेठेत मुक्कामाला. त्या बाजूचे रस्ते वाहनांना बंद. आईला घेऊन रिक्षानं जमेल तितकं जवळ गेलो आणि पुढे चालत जाऊन दर्शन घेतलं. गाडीचं काम काही झालं नाही.

22 जून, रविवार

क्लिपांची वाट न बघता जाळी उघडली. वायपरचे हात काढण्याआधी काचेवर चिकटपट्टी लावून त्यांची जागा खूण करून ठेवली, नाहीतर परत बसवताना वायपर वेडावाकडा थांबतो. नट सोडल्यावरही हात निघत नाही, तो दात्यांवर घट्ट बसलेला असतो. हातोडा न मारता डावी-उजवीकडे हलवत राहायचं. पाच मिनिटांत सुटला. बारा वर्षं ऊन खाल्लेलं प्लॅस्टिक, आठपैकी पाच क्लिपा हातात आल्या.

खाली जे दिसलं त्याचा फोटो काढून ठेवलाय. गुलमोहराचं पान म्हणजे बारीक बारीक पर्णिकांचा गुच्छ, त्यातली एकेक जाळीच्या भोकातून सहज खाली जाते. मे महिन्यातल्या पाकळ्याही तशाच गेलेल्या. कुजून त्यांची काळी, चिकट माती झाली होती, दोन मोठ्या ओंजळी भरतील एवढी, आणि डाव्या कोपऱ्यात त्यातून दोन पानांचा हिरवा कोंब वर आला होता. पाणी जायचं भोक त्या कोंबाच्या बरोबर खाली.

एक तांब्या पाणी ओतलं. ते जागेवरच थांबलं. आणखी एक ओतल्यावर पातळी चढत ब्लोअरच्या तोंडाच्या काठापर्यंत गेली आणि तिथून आत शिरली, डाव्या पायाकडे. साडेतीन लिटरचा आणखी एक उगम हा.

माती हातानं काढली. भोकात सळई घातली नाही. खाली रबरी नळी असेल तर ती फाटते. पडद्याची जुनी स्प्रिंग, ती प्लॅस्टिकच्या आवरणाची लवचीक तार, फिरवत फिरवत घातली. तिसऱ्या वेळेला गडगड आवाज करत सगळं पाणी चाकामागे उतरलं. मग दहा तांबे लागोपाठ ओतले, एकदाही थांबलं नाही.

ग्लोव्हबॉक्समागचा केबिन फिल्टर काढला तर त्यावर काळी बुरशी. ब्लोअर लावला की हवा यातूनच आत येते. आईच्या खोकल्याचं एक कारण हेच असणार, असं मला वाटतं. नवा 350 रुपये.

28 जून, शनिवार

पुन्हा पाइप लावायला परवानगी मिळाली नाही, मीही आग्रह धरला नाही. म्हणून काचेची तपासणी साबणानं केली. सगळ्या काचा बंद, हवा बाहेरून घेण्याचा खटका चालू, ब्लोअर पूर्ण जोरात. आत दाब तयार होतो. बाहेरून काचेच्या कडेनं ब्रशनं साबणाचं पाणी लावत गेलो. जिथे फट असेल तिथे बुडबुडे येतात. पूर्ण काचेभोवती एकही आला नाही. 1 जूनला ही वीस मिनिटं दिली असती तर सिलिकॉन लावलंच नसतं. ते आता प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडून काढलं, सव्वादोन तास.

बुडबुडे आले ते भलत्याच ठिकाणी. बॉनेट उघडून फायरवॉलवर साबण लावला तेव्हा वायरिंगच्या रबरी बुचाजवळ, म्हणजे ग्रोमेटजवळ, फेस उठला. फॉग लॅम्प बसवताना ॲक्सेसरीवाल्यानं त्याची वायर या ग्रोमेटला ब्लेडनं चीर देऊन आत घेतली होती. झारीनं वर पाणी सोडलं आणि मुलगी आत डॅशबोर्डखाली टॉर्च धरून बसली. मीही डोकं खाली घातलं. काळ्या वायरीच्या अंगावरून एक थेंब सरकत आला, वायर जिथे वळते तिथे थांबला, फुगला, आणि पत्र्यावर पडला. मग दुसरा. मिनिटाला चार-पाच थेंब, म्हणजे रात्रभरात पेलाभर.

चीर ब्युटाइलनं भरली, वरून न्यूट्रल सीलंटचा पातळ थर दिला, 280 रुपये. याला व्हिनेगरचा वास येत नाही, घेताना तेवढं विचारून घ्या. त्याहून महत्त्वाचं काम फुकटचं होतं: वायर वरून सरळ ग्रोमेटमध्ये उतरत होती, तिला बाहेरच्या बाजूला खाली झोल दिला आणि मग वर नेऊन आत घेतली. आता थेंब झोलाच्या तळाला येऊन बाहेरच पडतो.

5 जुलै, शनिवार

नमदा बाल्कनीत चार आठवडे वाळत होता. पंख्याखालीही ठेवला, तरी आत ओल आणि वास. टाकून दिला. हे पहिल्या आठवड्यातच करायला हवं होतं. या हवेत तो वाळत नाही. कुशनवाल्याकडून त्याच जाडीचा नवा कापून घेतला, 900 रुपये. मूळ कार्पेट धुऊन, घासून, दोन उन्हं मिळाली तेव्हा वाळलं. गंजाचे ठिपके घासून रस्ट कन्व्हर्टर, प्राइमर आणि रंग, मिळून 240. जाळीच्या क्लिपा 80.

सगळा हिशोब 3,100 रुपये. त्यातले गॅरेजचे 500 आणि सिलिकॉनचे 220 वाया गेले. दिवस धरले तर आठ, त्यातले तीन चुकीच्या कामात.

रेक्झिनचं मॅटिंग परत बसवलं नाही.

13 जुलै, रविवार

कार्पेटखाली तीन ठिकाणी वर्तमानपत्राच्या घड्या ठेवून ताम्हिणीतून जाऊन आलो. वर धुकं आणि सतत पाऊस. मुळशीच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा अर्धा तास गाडी उभी, वरून धारा. घरी आल्यावर घड्या काढल्या: कडकडीत. त्या रात्रीही गाडी गुलमोहराखालीच होती. सकाळी पुन्हा तपासलं, कोरडं.

20 जुलै, रविवार

काल आईला दीड महिन्यानं गाडीतून नेलं. काचेवर वाफ धरली नाही, वास नाही. पिशवी तिनं पायाशी ठेवली.

आता दर रविवारी बॉनेट उघडून जाळीवरची पानं हातानं उचलतो आणि एक तांब्या ओतून बघतो, पाणी चाकामागे उतरतंय ना. डिकीतली स्टेपनीची खळगी आणि मागच्या दिव्यांची रबरं तपासली, ठीक आहेत. मागच्या डाव्या दाराची मोटरही त्याच वेळी उघडली होती, म्हणजे तिथेही खाकी पट्टीच असणार. ब्युटाइलचं अर्धं बंडल शिल्लक आहे. ते दार पुढच्या रविवारी.